पाच आवाज आणि भुलाबाईचा फेर



साहित्याच्या व्याख्यानमालेत पॉप गाणाऱ्या मुलींचे काय काम, असे आपण मनात म्हणाल. पण मुलींनी एकत्र जमून गाणे ही आपल्या घरांतली फार जुनी गोष्ट आहे. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

2002 साली ‘चॅनल व्ही’ या वाहिनीने शहरोशहरी चाचण्या घेऊन पाच मुली निवडल्या: सीमा रामचंदानी, प्रतीची मोहपात्रा, नेहा भसीन, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा. गटाचे नाव ठेवले ‘विवा’. ‘हम नये गीत सुनायें’ हे त्यांचे गाणे देशभर गाजले. पांढुर्णा-सौंसर तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होते, पण केबलची तार इथेही आली होती. आज चाळिशीकडे झुकलेल्या आपल्या लेकी-सुनांना विचारा, चाल अजून आठवत असेल.

ही कल्पना मूळची न्यूझीलंडची. तिथे 1999 मध्ये ‘पॉपस्टार्स’ या कार्यक्रमातून ‘ट्रूब्लिस’ हा पाच मुलींचा गट निघाला. त्यांचे पहिले गाणे तिथल्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेले, आणि तरी तो गट फार दिवस टिकला नाही. आपल्याकडेही तेच झाले. महुआ कामत बाहेर पडल्या, 2003 चा दुसरा अल्बम चौघींनी केला, आणि पुढे गट विरला. तोवर वाहिनीवर पुढचा गट, ‘आस्मा’, आलाही होता.

गट का मोडला? मुलींचे एकमेकींशी पटले नसेल, असे आपण चटकन म्हणतो. मला कारण त्या गटाच्या घडणीत दिसते. या मुली एकमेकींना शोधत आल्या नव्हत्या. त्यांना दुसऱ्यांनी निवडून एकत्र उभे केले होते. शिवाय 1995 च्या ‘मेड इन इंडिया’पासून बहरलेला बिगरफिल्मी पॉपचा बाजार तेव्हा ओसरू लागला होता. वाहिन्यांना नव्या चित्रपटांची गाणी हवी होती.

आता आपल्या भुलाबाईकडे पाहा. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जाऊन गातात, शेवटी खिरापत ओळखायला लावतात. दरवर्षी त्यातल्या काही लग्न होऊन जातात, धाकट्या पुढे येतात. फेर मोडत नाही, कारण गाणे कोणा एकीचे नसते. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्यप्रदेशात राहिलो. शाळा हिंदी, कचेरी हिंदी. अशा मुलखात आपली मराठी बायकांच्या या गाण्यांनीही सांभाळली, हे आपण कितीदा बोलून दाखवले आहे?

मात्र फेराचीच थोरवी गाऊन मी थांबणार नाही. त्याची एक उणीव आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आज्या-पणज्या गायल्या, पण गाणारीचे नाव कुठे उरले नाही. ‘विवा’च्या मुलींना निदान नाव मिळाले. नेहा भसीन चित्रपटांत गाऊ लागल्या. ‘जग घूमेया’साठी 2017 मध्ये त्यांना फिल्मफेअर मिळाले. अनुष्का मनचंदा यांनीही पार्श्वगायनात जम बसवला. गट अल्पायुषी ठरला म्हणून तो फसला, असे मी म्हणणार नाही. भुलाबाईसुद्धा महिन्याचीच पाहुणी असते. तिला आपण कधी अपयशी म्हटले नाही.

तेव्हा आपल्याकडे दोन गोष्टी मागतो. आपली मुलगी किंवा नात उद्या एखाद्या वाहिनीच्या स्पर्धेला निघाली, तर तिला अडवू नका. पण करारावर सही करण्याआधी तिच्याशेजारी बसून तो वाचा. गाणे कोणाचे, नाव कोणाचे, आणि ती बाहेर पडली तर तिच्या हाती काय राहणार, हे विचारा.

आणि घरात जी आजी अजून भुलाबाईची गाणी म्हणते, तिची गाणी या कोजागिरीआधी वहीत उतरवून घ्या. वहीच्या पहिल्या पानावर तिचे नाव लिहा. माहेरचे गावही लिहा, कारण बरीचशी गाणी तिथूनच तिच्याबरोबर आपल्या घरी आली आहेत.