मेंदूचा जमाखर्च

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत मेंदूविकार विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



संस्थेचा ताळेबंद आपण आताच ऐकलात. मीही एका जमाखर्चाविषयीच बोलणार आहे. तो आहे मेंदूच्या ऊर्जेचा. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा अवघा २ टक्के. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. त्याचे मुख्य इंधन म्हणजे ग्लुकोज, अर्थात रक्तातील साखर. एवढा खर्चिक अवयव, पण गाठीला शिल्लक जवळजवळ नाही. म्हणूनच मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबल्यास काही सेकंदांतच शुद्ध हरपते.

हा खर्च जिवंत माणसात मोजण्याची रीत १९४० च्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी शोधली. त्यांचे तरुण सहकारी लुई सोकोलॉफ यांनी तीच रीत वापरून एक प्रयोग केला आणि तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना मनातल्या मनात गणिते करावयास सांगितली आणि मेंदूचा एकूण खर्च मोजला. तो वाढलाच नाही!

हा निष्कर्ष वरवर निराशाजनक होता. परंतु त्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला. ताळेबंदातील एकूण बेरजेवरून कोणत्या कक्षात किती खर्च झाला हे जसे कळत नाही, तसेच येथे झाले होते. मेंदूच्या प्रत्येक भागाचा हिशेब स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक होते.

त्यासाठी सोकोलॉफ यांनी डीऑक्सिग्लुकोज या पदार्थाचा उपयोग केला. ग्लुकोज समजून पेशी तो आत घेते, त्याच्यावर पहिली रासायनिक प्रक्रियाही करते. पण पुढे त्याचे ज्वलन होत नाही आणि तो तेथेच अडकून पडतो. त्याला किरणोत्सारी कार्बनची खूण जोडली की, जो भाग अधिक काम करतो तेथे ती खूण अधिक साठते. प्राण्यांवरील ही पद्धत १९७७ साली सविस्तर प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी १९७६ च्या ऑगस्टमध्येच फ्लोरीन-१८ जोडलेला तिचा भाऊबंद, म्हणजे एफडीजी, फिलाडेल्फियात प्रथम माणसाला देण्यात आला होता. आजच्या ‘पेट स्कॅन’चा पाया तो हाच. १९८१ साली सोकोलॉफ यांना लास्कर पारितोषिक मिळाले.

अपस्माराच्या काही रुग्णांत दोन झटक्यांच्या मधल्या काळात मेंदूचा दोषी भाग ग्लुकोज कमी वापरतो, हे या चित्रात दिसते आणि शस्त्रक्रियेची दिशा ठरविण्यास मदत होते. स्मृतिभ्रंशाचा प्रकार ओळखण्यासही त्याचे साह्य होते. कर्करोगाच्या तपासणीत तर त्याचा उपयोग सर्वाधिक आहे. भारतात ही सोय प्रथम २००२ साली मुंबईत परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सार वैद्यक केंद्रात झाली.

रुग्णांच्या आप्तांना एकच विनंती. मेंदूकडे शिल्लक नाही, हे विसरू नका. तोंड एकाएकी वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठा. मधुमेहाचे औषध घेणारी व्यक्ती घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागली आणि गिळू शकत असली, तर तिला साखर द्या. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका.

देणगीदारांनाही एक निवेदन आहे. आपल्या दानातून उभी राहिलेली खाट लगेच दिसते; संशोधनाचे फळ तसे दिसत नाही. गणितांचा तो ‘निष्फळ’ प्रयोग आणि माणसाच्या मेंदूतील एफडीजीचे पहिले चित्र यांत २१ वर्षे गेली. तेवढा धीर कोणीतरी धरला, म्हणून आज आपल्या रुग्णांना त्याचा लाभ होत आहे. दोन्ही प्रकारच्या दानाला आपल्या औदार्यात स्थान असावे, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.