गाऱ्हाणं तोंडी नको, कागदावर हवं
(धुळे-जळगाव जिल्ह्यांतील बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

कुणी शिरपूर-साक्रीकडून आलात, कुणी चोपडा-एरंडोलकडून. घरचं सगळं उरकून, एस.टी. धरून आलात. म्हणून लांबण लावत नाही. आज कर्ज आणि हप्ता नको. आज बोलू या कचेरीतल्या चकरांबद्दल.

आमच्या गटात एक विधवा ताई आहे. पावसात तिच्या घराची मागची भिंत पडली. पंचनामा झाला, फोटो काढले. नुकसानभरपाईची यादी लागली, तर तिचं नावच नाही. कचेरीत गेली, तर म्हणाले, "पुढच्या यादीत येईल." परत गेली, तर साहेब मीटिंगला. मजुरी बुडवून सात चकरा झाल्या. दोनदा मीही सोबत होते. पण एकदाही आम्ही लेखी अर्ज दिला नाही. असं दीड वर्ष गेलं. मग मला लोकायुक्तांची माहिती मिळाली आणि मुदतीची अट वाचून मी गप्पच झाले. मुदत गेली होती, आणि आम्ही चकरा मारल्या हे दाखवायला हातात चिठोराही नव्हता. त्या भिंतीच्या जागी आजही ताडपत्री आहे. यात माझीही चूक आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

लोकायुक्त म्हणजे कोण? सरकारी कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी ऐकायला नेमलेले, सरकारी खात्यांच्या बाहेरचे अधिकारी. ही पद्धत मूळची स्वीडन देशातली, १८०९ सालची. आपल्या महाराष्ट्रानं १९७१ मध्ये त्याचा कायदा केला आणि १९७२ मध्ये कार्यालय सुरू झालं. देशात सर्वांत आधी आपल्याच राज्यात.

तिथे दोन प्रकारची तक्रार चालते. पहिलं 'गाऱ्हाणं'. म्हणजे कारभार नीट न झाल्यामुळे तुमच्यावर अन्याय झाला: अर्ज पडून राहिला, हक्काचं मिळालं नाही. हे कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत पाठवायचं. दुसरं 'अभिकथन'. म्हणजे लाच घेतली, पदाचा गैरवापर केला, असा आरोप. त्याला मुदत ती गोष्ट घडल्यापासून ३ वर्षं. आरोपासोबत प्रतिज्ञापत्र लागतं, म्हणून ऐकीव गोष्ट लिहायची नाही. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे.

तक्रार पोहोचली की लोकायुक्त त्या खात्याकडून अहवाल मागवतात. गरज पडली तर कागद तपासतात, दोन्ही बाजू ऐकतात. अन्याय झालेला दिसला तर तो दूर करा अशी शिफारस करतात. आता खरं तेही सांगते. ती शिफारस असते, कोर्टाचा हुकूम नसतो. पण खात्यानं काय केलं ते कळवावं लागतं. समाधान झालं नाही तर लोकायुक्त राज्यपालांकडे विशेष अहवाल पाठवू शकतात, आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. तोंडी विचारणाऱ्या बाईला टाळणं सोपं असतं. वरून आलेल्या पत्राला उत्तर द्यावंच लागतं.

सगळंच तिथे चालतं असं नाही. कोर्टाचा निकाल तिथे बदलत नाही. बँकेची तक्रारही तिथे नाही. ती आधी बँकेला लेखी द्यायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्यालाही पैसे पडत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका आजीचे निराधार योजनेचे पैसे अचानक बंद झाले. मी अर्जाचं बोलले तर म्हणाली, "माले कागद नको, मना पैसा कव्हय भेटतीन ते सांग." तरी या वेळी मी ऐकलं नाही. अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. दोन महिने उत्तर नाही. मग सगळ्या झेरॉक्स जोडून लोकायुक्तांना रजिस्टर पोस्टानं गाऱ्हाणं पाठवलं. काही आठवड्यांनी पत्र आलं की खात्याकडून अहवाल मागवला आहे. त्यानंतर त्याच कचेरीतला माणूस आजीच्या दारात आला. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला होता. एक आकडा, बहिणींनो! पैसे सुरू झाले. मागची थकबाकी अजून यायची आहे, त्याचा पाठपुरावा आम्ही करतोय.

म्हणून घरी गेल्यावर एवढं करा. कचेरीत जाल तर लेखी अर्ज घेऊन जा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. गटाच्या कपाटात एक फाईल ठेवा: कुणाचा अर्ज, कोणत्या तारखेचा, उत्तर आलं का. मासिक बैठकीत हप्त्यांसोबत तीही वाचा. जिल्ह्याला दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी महिला लोकशाही दिन असतो, तिथेही लेखी तक्रार देता येते. तरी काम झालं नाही तर वर्ष उलटायच्या आत लिहा: मा. लोकायुक्त, नवीन प्रशासन भवन, मादाम कामा मार्ग, मुंबई ४०० ०३२. साध्या मराठीत लिहा. काय घडलं, कधी घडलं, काय हवं, एवढं पुरे.

एकेक रुपयाचा हिशेब आपण वहीत लिहितो. मग आपल्या हक्काच्या अर्जाची तारीख का लिहू नये? ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शेजारच्या बहिणीनं लिहावं. त्या ताईसाठी मी वेळेवर लिहिलं नाही. तुम्ही कुणाचं तरी वेळेवर लिहा.