दिसते ते शिवले, न दिसणारे राहिले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषण करणे मला येत नाही. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही भोगलंत तेच सांगा," म्हणून उभी राहिले आहे.

माझा थोरला १९९९ च्या ऑक्टोबरात जन्मला, तो ओठ आणि टाळू दोन्ही फाटलेली घेऊन. अंगावर घेतला तर त्याला ओढता येईना. दूध नाकातून बाहेर येई. डोके उंच धरून, बोंडल्याने थोडे थोडे पाजून मी तो जगवला. सासूबाई म्हणाल्या, "ग्रहणात विळीवर बसलीस, त्याचं हे फळ." ११ ऑगस्टला संध्याकाळी सूर्यग्रहण झाले होते, हे खरे. मी भाजी चिरली होती, हेही खरे. तो बोल मी कित्येक वर्षे उराशी बाळगला. पुढे डॉक्टरांनी समजावले, की बाळाचा ओठ आणि टाळू पोटात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळतात. ग्रहणाच्या वेळी मला सातवा महिना होता! माझी विळी काय चिरणार होती? साधारण हजार बाळांत एखादे असे जन्मते. जिथे ग्रहण कोणी पाळत नाही, त्या देशांतही जन्मते.

दीड वर्षाचा झाल्यावर कोल्हापुरात त्याचा ओठ शिवला. सहा महिन्यांनी टाळूसाठी या, असा कागद डॉक्टरांनी दिला. पण ओठ जुळला आणि मूल गोजिरे दिसू लागले. टाळू काय, आतली. ती कोणाला दिसते? त्यात धाकटी पोटात, ऊसतोडीचे दिवस, एस.टी.चे भाडे, ह्यांची मजुरी बुडायची. कागद मी पेटीत ठेवला. टाळू शिवली तेव्हा पोरगा सहा वर्षांचा होता.

तोवर जिभेला नको ते वळण लागून गेले. टाळू उघडी असली की बोलताना वारा नाकात जातो, आणि 'ब' चा 'म' होतो. तो बापाला 'मामा' म्हणे आणि पोरे हसत. आज तो गॅरेजात कामाला आहे, हाताचा हुशार आहे. पण फोन वाजला की दुसऱ्याच्या हातात देतो. दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या, पण वेळ निघून गेली होती. तो दोष मी कोणाला देऊ?

म्हणून बायांनो, एवढे लक्षात ठेवा. ओठ तीन ते सहा महिन्यांत शिवतात. टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत, म्हणजे बोल फुटण्याच्या सुमारास. या मुलांच्या कानांत पाणी साचते, म्हणून कानही तपासून घ्यावेत.

माझ्या वेळी कोणी दारी येऊन पाहत नव्हते. आता आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुले तपासतात. फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयाला छिद्र असे काही निघाले, तर पुढचे उपचार आणि शस्त्रक्रिया मोफत होतात. २०१९ साली जगभरचा एक हिशेब छापून आला. त्यात सुमारे १७० कोटी मुलांना शस्त्रक्रियेची धड सोय नाही असे दिसले, आणि ती बहुतेक गरिबांच्या देशांतली. आपल्याकडे सोय दारापर्यंत आली आहे. उंबरठा आपण ओलांडायचा आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका सुनेला अशीच मुलगी झाली. ती पोरीला पदराआड झाकायची. मी पेटी उघडून तो जुना कागद तिच्यापुढे ठेवला. दोन्ही वेळा मी तिच्यासोबत कोल्हापूरला गेले. मागे आपल्या मंडळातल्या दोघींनी तिची म्हैस आणि थोरला मुलगा सांभाळला. परवा ती पोर दारात उभी राहून बापाला हाक मारत होती, "बाबा!" अगदी साफ 'बाबा'. मी पाणी भरता भरता थांबले.

मंडळाला माझे एकच मागणे आहे. अशा घरी कोणीतरी सोबत जाऊ या, मागे कोणीतरी घर सांभाळू या, आणि दुसऱ्या खेपेची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू या. पेटीत ठेवू नये.