पडण्याआधीचे एकटेपण



कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात भर दुपारी गेल्यास गाव रिकामे भासते. धडधाकट माणसे शेतावर, मुले शाळेत; मागे उरतात ती ओसरीवरची म्हातारी माणसे. जिल्ह्याच्या शहरांतील मध्यमवर्गीय वस्त्यांतही मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला आणि घरात एकटी आई, हे चित्र आता नवलाचे राहिलेले नाही. अशी एखादी आई न्हाणीत घसरून पडते, खुब्याचे हाड मोडते आणि 'वय झाले होते' असे म्हणून सारे मोकळे होतात. वस्तुतः तिचे पडणे कित्येक महिने आधीच सुरू झालेले असते.

एकट्या जिवासाठी चूल कशाला पेटवायची, या विचारातून सकाळची भाकर संध्याकाळी चहात बुडवून खाल्ली जाते. वरण, दूध, भाजी ताटातून हळूहळू नाहीशी होतात. प्रथिने घटली आणि चालणे थांबले की मांड्यांचे स्नायू झिजतात. बोलायला कोणी नाही म्हणून बाहेर पडणे नाही, आणि बाहेर पडणे नाही म्हणून पायांत बळ नाही! मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळवे, झोपेच्या गोळ्या यांची त्यात भर पडते. एकदा तोल गेला की पुढे पडण्याची भीतीच माणसाला बाजेला खिळवून ठेवते, आणि त्यातून दौर्बल्य अधिकच वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात. त्यांत साठीपुढील माणसेच अधिक.

आर्णी तालुक्यातील उमरी पठार येथे संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. निराधारांना तेथे आसरा मिळतो. परंतु ज्यांच्या नावे सातबारा आहे, ज्यांना मुलगा नियमित पैसे पाठवतो, त्यांना निराधार कोण म्हणणार? २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांकडून निर्वाहाची रक्कम मिळवून देऊ शकतो. दुपारी चार वाजता दार ठोठावून 'जेवलात का?' असे विचारणारा माणूस मिळवून देऊ शकत नाही. ते काम भजनी मंडळ नकळत करीत असते. कार्तिकातल्या काकड्याला नेहमीची जागा दोन दिवस रिकामी राहिली की कोणीतरी घरी डोकावतेच.

घरातली तजवीज फार खर्चाची नाही. न्हाणीतील शेवाळ घासावे, भिंतीला धरायला दांडा बसवावा, बाजेपासून न्हाणीपर्यंत रात्री दिवा असावा, उंबरठ्यावर पांढरा पट्टा ओढावा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, कठडा धरून एका पायावर उभे राहणे, अशा बळ व तोल वाढविणाऱ्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना काठी, चष्मा, वॉकर अशा साधनांसाठी ३००० रुपयांची तरतूद आहे. मात्र काठी उंचीच्या मापाची हवी. वडिलांची काठी आईच्या हाती देणे धोक्याचे.

आणि कोणी पडलेले आढळलेच, तर घाईने बखोटीला धरून उभे करू नये. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळले असेल, तर माणसाला आहे तसेच ठेवावे, अंगावर पांघरूण घालावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.