स्थानिक संस्थांचे बळ : निधीआधी प्रशिक्षण

(तालुक्यातील स्वयंसेवी संस्था, महिला मंडळे, तरुण मंडळे व सार्वजनिक वाचनालये यांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी कोणी वाचनालय चालवितात, कोणी बालवाडी, कोणी व्यसनमुक्तीचे काम करतात, तर कोणी गावच्या ओढ्यावर बंधारे घालण्याच्या खटपटीत आहेत. कामे निरनिराळी असली तरी आपणा सर्वांच्या मनात प्रश्न एकच असतो, आणि तो म्हणजे पैसा कोठून आणावयाचा? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे. परंतु त्याला जोडूनच दुसराही एक प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. उद्या पैसा आलाच, तर तो सांभाळण्याची आपली तयारी आहे काय?

लोकवर्गणीची परंपरा

सार्वजनिक कामासाठी निधी उभारण्याची कला महाराष्ट्राला नवीन नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्या संस्थेच्या वसतिगृहांना मुष्टिफंडाने, म्हणजे घरोघरी बाजूला काढून ठेवलेल्या मूठमूठ धान्याने हात दिला. या दोन्ही उदाहरणांत देणारा गरीब होता आणि देणगी लहान होती. तरीही ती मिळत राहिली, कारण दिलेला पैसा वा मूठभर धान्य योग्य ठिकाणी जाते, असा लोकांना भरवसा होता. निधीचे खरे भांडवल हा भरवसाच होय. आज निधीची दालने वाढली आहेत, नियमही वाढले आहेत. पण हे मूळ सूत्र बदललेले नाही.

कोणकोणती दालने उघडी आहेत?

पहिले दालन शासनाचे. गावातील सार्वजनिक वाचनालयाचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्यामुळे मान्यताप्राप्त ग्रंथालयांना त्यांच्या अ, ब, क, ड या वर्गांनुसार अनुदान मिळते. त्याशिवाय १९७२ साली स्थापन झालेले कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे. ग्रंथ, इमारत आणि साधनसामग्री यांसाठी ते समान निधी व असमान निधी अशा योजनांखाली साहाय्य देते. समान निधीत राज्याचाही वाटा असतो. अनेक लहान वाचनालयांना पहिल्या अनुदानाची माहिती असते, दुसऱ्याची नसते.

दुसरे दालन बचत गटांचे. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, १९९२ साली गट आणि बँक यांची जोडणी प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. आपल्या राज्यात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासून 'उमेद' हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांनी हे काम खेडोपाडी नेले. बचत गटाला बँकेत खाते उघडण्यासाठी संस्था म्हणून नोंदणी करावी लागत नाही. त्याच्याकडून अपेक्षा असते ती पंचसूत्रीची : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब-लेखन. ही पंचसूत्री पाळणाऱ्या गटाला फिरता निधी व पुढे बँकेचे कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा होतो.

तिसरे दालन उद्योगांचे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. कोणती कामे या खर्चात बसतात, याची यादी त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलेली आहे. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, पर्यावरण, ग्रामीण विकास असे बहुतेक सारे विषय तिच्यात आहेत.

चौथे दालन धर्मादाय न्यासांचे. सर रतन टाटा न्यास १९१९ पासून आणि सर दोराबजी टाटा न्यास १९३२ पासून कार्यरत आहे. असे लहानमोठे अनेक न्यास देशात आहेत.

विदेशी देणगीविषयी थोडक्यातच सांगतो. २०१० च्या विदेशी अभिदाय विनियमन कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय, अथवा पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय, असा पैसा स्वीकारता येत नाही. पूर्वी मोठ्या संस्था आपल्याला मिळालेल्या विदेशी निधीतून लहान संस्थांना वाटा देत असत. २०२० च्या दुरुस्तीने असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. तेव्हा लहान संस्थांनी या वाटेवर भिस्त न ठेवलेली बरी.

पैसा शहराकडेच का थांबतो?

उद्योगांच्या सामाजिक निधीचा सर्वांत मोठा वाटा राज्यवार पाहता महाराष्ट्राच्या पदरी पडतो, ही समाधानाची गोष्ट आहे. पण हा पैसा राज्यात सर्वत्र सारखा पोहोचत नाही. कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या आसपासच्या भागास प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो, आणि कारखाने तर मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात एकवटलेले आहेत. २०१८ साली केंद्र शासनाने आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत आपल्या राज्यातील नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, असे चार जिल्हे होते. गरज जेथे अधिक, तेथे कारखाने थोडे. आणि कारखाने थोडे म्हणून निधीही थोडा, असे हे कोडे आहे.

या कोड्याची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. निधी देणाऱ्याला दूरच्या तालुक्यात जावेसे वाटले, तरी तेथे त्याला कागदपत्रे पूर्ण असलेली संस्था सापडावी लागते. १ एप्रिल २०२१ पासून अशा निधीतून काम करू इच्छिणाऱ्या संस्थेला केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आयकर कायद्याखालील नोंदणी, देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता आणि किमान तीन वर्षांचे काम यांची त्यासाठी अपेक्षा असते. 'बारा-अ' आणि 'ऐंशी-जी' या नावांनी आपण ओळखत आलो त्याच या दोन मान्यता. पूर्वी त्या एकदा मिळाल्या की चालत असत. २०२१ पासून त्या ठरावीक मुदतीच्या झाल्या असून मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. शासकीय अनुदानासाठी नीती आयोगाच्या 'दर्पण' या नोंदवहीतील क्रमांकही अनेकदा मागितला जातो.

घरची घडी

म्हणून सर्वप्रथम आपल्या दप्तराकडे पाहावे. सात जण एकत्र आले की १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदविता येते. महाराष्ट्रात तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद व्हावी लागते. उत्साहाच्या भरात हे सारे पार पडते. अडचण येते ती पुढे. विश्वस्त बदलला, कोणी निवर्तले, कार्यालयाचा पत्ता बदलला, तर तसा बदल अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे सादर करावयाचा असतो. तो राहून जातो. पाच-सात वर्षांनी अनुदानाची संधी येते, तेव्हा धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत अध्यक्ष म्हणून अशा गृहस्थांचे नाव असते, की जे केव्हाच हयात नाहीत. बँक नवीन सह्या मान्य करीत नाही, कार्यकारी मंडळात वाद निर्माण होतो आणि चांगले काम कागदाअभावी अडून बसते.

तेव्हा चार गोष्टींची शिस्त लावून घ्यावी. सभेचे इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहून त्यावर सह्या घ्याव्यात. रोजकीर्द व खतावणी महिनाअखेरीस मिळवून पाहावी. प्रत्येक अनुदानाचा हिशेब वेगळा ठेवावा; एका कामासाठी आलेली रक्कम, तात्पुरती म्हणूनसुद्धा, दुसऱ्या कामाकडे वळवू नये. आणि वार्षिक हिशेब तपासून घेऊन लेखापरीक्षा अहवाल वेळेवर सादर करावा. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही, तर पुढील हप्ता थांबतो आणि त्याची झळ बालवाडीच्या सेविकेला किंवा वाचनालयाच्या ग्रंथपालाला सोसावी लागते.

प्रस्ताव कसा लिहावा?

समजा, एखाद्या महिला मंडळाला शिवणवर्ग काढावयाचा आहे. 'गावातील महिलांचा सर्वांगीण विकास करणे' असे प्रस्तावात लिहिले, तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी गावात शिवणकाम शिकू इच्छिणाऱ्या महिला किती, त्यांच्यापैकी शेतमजूर किती, वर्ग कोणत्या महिन्यांत व कोणत्या वेळी भरेल, यंत्रे किती लागतील आणि शिकविणाऱ्या बाईंचे मानधन काय, हे लिहावे. सुगीच्या दिवसांत वर्ग ठेवला तर बाया येणार नाहीत, हे मुंबईतील अधिकाऱ्याला ठाऊक नसते, आपल्याला असते. यंत्रांच्या दुरुस्तीचा खर्चही धरावा. कापड मिळण्याची व तयार कपडे खपण्याची सोय सांगावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्षभराने अनुदान संपल्यावर वर्ग कशावर चालेल, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. आपल्या गावाविषयीची ही नेमकी माहिती हेच लहान संस्थेचे वैशिष्ट्य आहे. मोठ्या संस्थेजवळ सुबक छपाई असेल, पण ही माहिती नसते.

आधी प्रशिक्षण, मग निधी

ही कौशल्ये शिकता येतात आणि ती शिकविणाऱ्या संस्था आपल्या राज्यात आहेत. पुण्याची 'यशदा' ही प्रबोधिनी ग्रामविकास व पंचायत राज या विषयांचे प्रशिक्षण देते. मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर तुळजापूर येथे आहे. पुण्यात १९६३ पासून कर्वे समाजसेवा संस्था कार्यकर्ते घडवीत आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेचा पशुपालन, फळबाग व जलसंधारण यांतील अनुभव मोठा आहे. बँकांनी चालविलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत तरुणांना राहण्याजेवणाच्या सोयीसह विनामूल्य प्रशिक्षण मिळते. ग्रंथपालांसाठी ग्रंथालय संघांचे वर्ग भरतात.

निधी आणि प्रशिक्षण यांची सांगड कशी घालावी, याचा उत्तम नमुना आपल्याच मातीतील आहे. फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने आणि नाबार्डच्या सहभागाने १९९२ साली इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम महाराष्ट्रात सुरू झाला. या कार्यक्रमात गावाला एकदम मोठी रक्कम दिली जात नसे. आधी गावाने श्रमदान करून आपली तयारी दाखवावयाची. ग्रामसभेने पाणलोट समिती निवडावयाची. मग पाणलोटाच्या एका लहान तुकड्यावर समितीने व स्थानिक संस्थेने काम करीत शिकावयाचे. हा क्षमताबांधणीचा टप्पा होय. त्यात समपातळी चर खोदण्यापासून मजुरीचा हिशेब लिहिण्यापर्यंत सारे आले. या कसोटीला उतरल्यावरच पूर्ण प्रकल्पाचा निधी मिळे, आणि तो गावसमिती व संस्था यांच्या संयुक्त खात्यात जमा होई. अकुशल मजुरीच्या सुमारे १६ टक्के इतका वाटा गावाने श्रमदानाने उचलावयाचा असे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही पथ्येही गावानेच पाळावयाची. या प्रशिक्षणाचा भार उचलण्यासाठी १९९३ साली 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीने हा मार्ग चोखाळला आणि पुढे तेच गाव इतरांना शिकविण्याचे केंद्र बनले.

या क्रमात मोठे शहाणपण आहे. पैसा आधी आला असता, तर तो खर्च झाला असता आणि बंधारे कदाचित झालेही असते. परंतु ते राखणारी माणसे तयार झाली नसती.

दालने बदलतात, माणसे राहतात

निधीची दालने कायमची नसतात. ग्रामीण भागातील स्वयंसेवी संस्थांना साहाय्य करण्यासाठी १९८६ साली 'कपार्ट' ही केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. अनेक संस्थांची भिस्त तिच्यावर होती. २०२० साली ती राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायत राज संस्थेत विलीन झाली. ज्या संस्था एकाच दालनावर विसंबून असतात, त्यांची अशा वेळी ओढाताण होते. ज्यांनी माणसे तयार केलेली असतात आणि गावची वर्गणी, मग ती कितीही लहान असो, चालू ठेवलेली असते, त्या दुसरा मार्ग शोधू शकतात. म्हणून देणगीदार कितीही मोठा मिळाला, तरी गावची वर्गणी बंद करू नये. ती देणारा माणूस हिशेब विचारण्याचा हक्क राखून असतो, आणि संस्था सरळ ठेवण्याचे काम तोच करतो.

माझी आपणांस एवढीच विनंती आहे. येत्या महिन्याभरात आपापल्या संस्थेची एक सभा याच कामासाठी बोलवा. नोंदणीचा दाखला, विश्वस्तांची यादी, मागील तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि आयकराची मान्यता हे कागद समोर ठेवून काय अपुरे आहे, ते लिहून काढा. ते पुरे करण्याची जबाबदारी एकेकाने नावानिशी घ्यावी. दोन तरुण कार्यकर्ते, त्यांत शक्यतो एक भगिनी, प्रशिक्षणासाठी निवडावेत आणि त्यांचा प्रवासखर्च संस्थेने सोसावा. शिकून आल्यावर त्यांच्याकडे हिशेबाची वही सोपवावी. जुन्या पदाधिकाऱ्यांनी किल्ल्या हातात ठेवून तरुणांना नुसते पाहावयास लावू नये. शेजारच्या चार संस्थांनी मिळून एक जाणकार हिशेबनीस नेमला, तर खर्चही थोडा पडेल.

ज्या तालुक्यात कारखाना नाही, तेथेही विश्वासाने पैसा सोपवावा अशी संस्था असू शकते. ती आपली असावी, अशी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!