नियम विक्रीला निघतात तेव्हा



संगणकावर आणि मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमचा विषय राजकीय कार्यकर्त्यांपुढे कशासाठी, अशी शंका अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मुलांचा पोरखेळ म्हणून हा विषय आजवर बाजूला सारला गेला. परंतु २०२३ मध्ये चीनमधील हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच खेळांना पदके देण्यात आली. भारत सरकारनेही त्यांना ई-स्पोर्ट्स या नावाने क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली आहे. ज्या खेळात राष्ट्राच्या नावाने पदके दिली जातात, त्या खेळात दोन स्पर्धकांना समान संधी मिळते की नाही, हा प्रश्न मग पोरखेळाचा राहत नाही. तो समतेचा आणि म्हणूनच राजकारणाचा प्रश्न होतो.

या खेळांमध्ये मायक्रोट्रान्झॅक्शन नावाचा एक व्यवहार रूढ झाला आहे. खेळ चालू असतानाच, खेळाच्या आतील दुकानातून, किरकोळ रकमेला काहीतरी विकत घ्यायचे, असे त्याचे स्वरूप आहे. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने 'ऑब्लिव्हियन' या खेळातील घोड्यासाठी चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले, तेव्हा लोकांनी त्याची थट्टा केली. तो एकट्याने खेळायचा खेळ होता. कोणी आपला घोडा सजवला तर दुसऱ्याचे काही बिघडत नव्हते. पण थट्टेचा तो विषय पुढे एका प्रचंड उद्योगाचा पाया ठरला.

यामागचे अर्थशास्त्र समजावून घेतले पाहिजे. संगणकीय खेळ प्रथम तयार करण्यास अफाट खर्च येतो. परंतु एकदा तयार झाल्यावर त्याची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणून खेळ फुकट वाटावा, लक्षावधी लोक गोळा करावेत आणि त्यांतील ज्याची जितकी देण्याची तयारी असेल तितके त्याच्याकडून आतल्या दुकानात वसूल करावे, हे कंपन्यांना सोयीचे ठरते. एकाच वस्तूसाठी प्रत्येक ग्राहकाकडून वेगळी किंमत काढण्याचे मक्तेदाराचे जुने स्वप्न येथे बऱ्याच अंशी साकार झाले आहे.

या पद्धतीच्या समर्थकांचा युक्तिवाद हेटाळणी करून उडवून लावण्याजोगा नाही. ते म्हणतात की, खेळ फुकट असल्यामुळेच साध्या घरातील मुलगा श्रीमंताच्या मुलासमोर बसू शकतो. व्हॉल्व्ह कंपनीच्या 'डोटा २' या खेळात सर्व योद्धे सर्व खेळाडूंना विनामूल्य उपलब्ध असतात. विकली जातात ती केवळ वेशभूषा आणि सजावट. पैसेवाल्याने जरीचा अंगरखा विकत घेतला म्हणून त्याचा वार अधिक खोल जात नाही. हौशी माणसांच्या पैशावर खेळ चालतो आणि बाकीचे फुकट खेळतात. अशा खेळांच्या बाबतीत हे म्हणणे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. विक्री झाली म्हणजे स्पर्धा भ्रष्ट झालीच, असा सरसकट निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

प्रश्न आहे तो विकले काय जाते याचा. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये एक मौलिक भेद दाखवून दिला. काही वस्तू अशा असतात की, त्या सर्वांना मिळाल्या तरी प्रत्येकाचे समाधान कमी होत नाही. भाकरी ही अशी वस्तू आहे. काही वस्तूंचे मोल मात्र त्या दुसऱ्याजवळ नाहीत यावरच अवलंबून असते. स्पर्धेतील सामर्थ्य हे या दुसऱ्या वर्गातले आहे. एकाला अधिक धारदार शस्त्र विकणे म्हणजे समोरच्याचे शस्त्र तेवढ्याच प्रमाणात बोथट करणे होय. या सौद्यात विकणारा आणि घेणारा असे दोनच पक्ष दिसतात. किंमत मात्र तिसरा पक्ष मोजतो आणि त्याची संमती कोणी विचारलेली नसते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीच्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या खेळाने हे उघड करून दाखवले. हा खेळ फुकट नव्हता. पूर्ण किंमत मोजून तो घ्यावा लागत होता. तरीही लढाईत उपयोगी पडणारी कार्डे बंद पेट्यांतून निघत आणि त्या पेट्या पैशाने विकत घेता येणार होत्या. डार्थ व्हेडरसारखी पात्रे मिळवण्यासाठी खेळातील साठ हजार नाणी साठवावी लागतील, असा हिशेब प्रथम मांडला गेला. जगभरच्या खेळाडूंनी इतका गदारोळ केला की, ही किंमत कंपनीने पाऊणपट कमी केली आणि खेळ बाजारात येण्याच्या ऐन तोंडावर आतले दुकानच तात्पुरते बंद ठेवले. मार्च २०१८ मध्ये नियम बदलून सामर्थ्याची विक्री काढून टाकण्यात आली. संघटित ग्राहकमताचा हा विजय कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा असा आहे.

यावर असे सांगितले जाते की, पैसे देणारा फक्त वेळ वाचवतो. जे इतर कष्टाने मिळवतात तेच त्याला लवकर मिळते. या दाव्याचे खंडन खुद्द या धंद्याच्या व्यवहारातच सापडते. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा 'क्लॅश रोयाल' हा खेळ २०१६ मध्ये आला. त्यातील पत्त्यांची पातळी वाढवत नेता येते आणि पैसे खर्च केल्यास ती लवकर वाढते. परंतु मोठ्या अधिकृत स्पर्धा भरवताना सर्वांच्या पत्त्यांना एकाच पातळीची मर्यादा घालण्यात आली. विकत घेतलेल्या पातळीने स्पर्धेला काहीच बाधा येत नसेल, तर ही मर्यादा कशासाठी? याचा अर्थ एवढाच की, शिखरावरील मोजक्या खेळाडूंसाठी समतेचे रक्षण केले जाते आणि जेथे खेळाडू घडतात त्या पायथ्याशी मात्र बाजार मोकळा सोडला जातो. राज्य पातळीच्या कुस्तीत वजनगट काटेकोर पाळायचे आणि गावच्या तालमीत वर्गणी जास्त देणाऱ्याच्या बाजूने दोन मल्ल उतरवायचे, अशातला हा प्रकार आहे. तालमीतच ज्याची उमेद खचली, तो राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचणार कसा?

सामर्थ्याच्या विक्रीला दैवाची जोड मिळाली की अनर्थ दुणावतो. फुटबॉलवरील 'फीफा' या खेळात २००९ मध्ये 'अल्टिमेट टीम' हा प्रकार आला. त्यात संघ उभा करण्यासाठी खेळाडूंची कार्डे लागतात आणि ती बंद पाकिटांतून मिळतात. पाकीट खेळून मिळवता येते तसेच पैशानेही घेता येते. आत नामांकित खेळाडू निघेल की सामान्य, हे दैवावर. फीफाच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांची पात्रताही वर्षानुवर्षे याच प्रकारातून ठरत होती. मार्च २०२१ अखेरच्या आर्थिक वर्षात 'अल्टिमेट टीम'ने इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला १६२ कोटी डॉलर मिळवून दिले. ही कंपनीच्या एकूण उत्पन्नाच्या चतुर्थांशाहून मोठी रक्कम होती. गल्लीतल्या सोडतीला कायद्याचा बडगा दाखवणारी राज्यव्यवस्था या सोडतीकडे दीर्घकाळ पाहत राहिली. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये अशा विक्रीला जुगार ठरवले आणि २०१९ च्या प्रारंभी कंपनीला तेथील विक्री थांबवावी लागली. नेदरलँड्समध्ये एक कोटी युरोंचा दंड झाला. परंतु २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो रद्द केला. या पेट्यांवर अधिक खर्च करणाऱ्यांत जुगाराचे व्यसनही अधिक आढळते, असे २०१८ पासूनच्या अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. कोणते कारण आणि कोणता परिणाम, याबद्दल वाद आहे. पण श्रीमंतांच्या हौशीवर गरिबांना खेळ फुकट मिळतो, या चित्राला या निष्कर्षांनी तडा जातो. पैसा नेहमी भरल्या खिशातून येतो असे नाही. पुष्कळदा तो ज्याला स्वतःला आवरता येत नाही त्याच्याकडून येतो.

मग केवळ सजावटीची विक्री पूर्णतः निर्दोष मानावी काय? स्पर्धेच्या न्यायापुरते पाहिले तर होय. खेळणाऱ्या माणसाचा विचार केला तर नाही. 'फोर्टनाइट' या खेळात विकली जाते ती प्रामुख्याने सजावटच. तरीही अमेरिकेच्या व्यापार आयोगाबरोबर डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार एपिक गेम्स या कंपनीला ५२ कोटी डॉलर देणे मान्य करावे लागले. त्यांपैकी साडेचोवीस कोटी, फसव्या रचनेमुळे नकळत खरेदी झालेल्या ग्राहकांना परत करण्यासाठी होते. उरलेला दंड मुलांच्या खासगी माहितीबाबतचा होता. 'डोटा २' च्या जागतिक स्पर्धेचे उदाहरणही बोलके आहे. २०१३ पासून सजावटीच्या विशेष विक्रीतील चौथा हिस्सा बक्षिसाच्या रकमेत टाकला जाऊ लागला आणि २०२१ मध्ये ही रक्कम चार कोटी डॉलरवर गेली. लोकवर्गणीतून उभा राहिलेला निधी म्हणून त्याचे कौतुक झाले. परंतु बक्षिसात पडणाऱ्या प्रत्येक डॉलरमागे तीन डॉलर कंपनीच्या तिजोरीत जात होते. २०२३ मध्ये कंपनीने विक्रीची पद्धत बदलली आणि बक्षिसाची रक्कम दशांशाहूनही खाली आली. खेळाडूंच्या उपजीविकेचा प्रश्न एका कंपनीच्या विक्रीविषयक निर्णयाने असा रातोरात बदलू शकतो.

येथे प्रश्नाच्या मुळाशी पोहोचता येते. कबड्डी कोणाच्या मालकीची नाही. क्रिकेट नियामक मंडळाची कितीही दादागिरी असली, तरी चेंडू आणि बॅट घेऊन गल्लीत खेळणाऱ्या मुलांना कोणी अडवू शकत नाही. व्हिडिओ गेममध्ये मात्र मैदान, चेंडू, नियम, पंच आणि दुकान हे सारे एकाच कंपनीच्या मालकीचे असते. कोणाची गाठ कोणाशी घालायची, हेही तीच ठरवते. ॲक्टिव्हिजन कंपनीला ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत मिळालेल्या एका पेटंटात अशी योजना वर्णिली होती की, नवख्या खेळाडूची गाठ विकाऊ शस्त्र वापरणाऱ्या निष्णात खेळाडूशी घालावी, म्हणजे नवख्याला ते शस्त्र घेण्याची इच्छा होईल. ही योजना कोणत्याही खेळात वापरलेली नाही, असा खुलासा कंपनीने केला आणि तो ग्राह्य धरण्यास हरकत नाही. तथापि पराभव हाच विक्रीचा मार्ग होऊ शकतो, हे धंद्याला उमगले आहे, एवढे त्यातून निश्चित होते. पंच आणि दुकानदार एकच असेल, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यावर दाद मागायची कोणाकडे?

खेळांतर्गत खरेदीमुळे स्पर्धात्मक खेळांचे नुकसान होते काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून असे देता येईल: सजावट विकल्याने स्पर्धा बिघडत नाही, सामर्थ्य विकल्याने ती बिघडते, आणि काय विकावे हे मालकाने एकट्याने ठरवायचे असेल, तर जी स्पर्धा आज निकोप आहे ती उद्याही निकोप राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही.

सर्वंकष बंदीची मागणी हा यावरचा उपाय नव्हे; तिने तरुण दुरावतील आणि धंदा चोरवाटेने चालेल. परंतु नियमन अशक्य आहे, हेही खरे नाही. पेट्यांतून निघणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जुळवायला लावणारी विक्रीपद्धत जपानने २०१२ मध्ये बेकायदा ठरवली. कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करण्याची सक्ती चीनने २०१७ मध्ये केली. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला उत्तेजन देण्याचे ठरवले. पण त्या कायद्याचा मुख्य रोख पैशाच्या जुगाराकडे आहे. जो खेळ जुगार नाही, परंतु ज्यात जिंकण्याचे साधनच विकत मिळते, त्याचा विचार अद्याप व्हायचा आहे.

तेव्हा तीन मागण्यांचा आग्रह धरला गेला पाहिजे. क्रीडाप्रकार म्हणून ज्या खेळाला शासनाची मान्यता हवी, त्यात कोणत्याही पातळीवर सामर्थ्याची विक्री होता कामा नये. दैवावर चालणाऱ्या पेट्या अज्ञान मुलांना विकण्यास मनाई असावी आणि इतरांसाठी त्यांतील शक्यता ठळकपणे जाहीर व्हाव्यात. नियम आणि बक्षिसांच्या निर्णयांत खेळाडूंच्या निर्वाचित प्रतिनिधींना स्थान मिळावे. या मागण्या क्रांतिकारक नाहीत. कोणत्याही तालमीचा वस्ताद त्या सहज मान्य करील. आखाड्याची माती सर्वांना सारखी असावी, एवढाच त्यांचा आशय आहे. वस्तीवस्तीतील जे तरुण आज मोबाइलवर खेळत आहेत, त्यांना विषमता म्हणजे काय हे व्याख्यानातून शिकवण्याची गरज नाही. पैसे देणाऱ्याकडून हरताना ते ती रोज अनुभवत आहेत. त्या अनुभवाला संघटित मागणीचे रूप देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.