सहलीचा खर्च आणि आपण

(वर्धापनदिनाच्या सभेत एका भगिनीने केलेले भाषण)



"कुटुंबाच्या सहलीला गेलेला पैसा सार्थकी लागतो काय?" हा विषय मला दिला, तेव्हा आमचे हे म्हणाले, "हिशेब मी लिहून देतो!" तो त्यांनी खरोखरच दिला. तेव्हा आकडे त्यांचे, मत माझे.

चार वर्षांपूर्वी आम्ही महाबळेश्वरला गेलो. सहा दिवस, अडतीस हजार रुपये, त्यांतले निम्मे उसने. ते फेडता फेडता दिवाळी आली आणि मुलांचे कपडे राहिले. शिवाय काटकसर म्हणून मी शेगडी, पातेली, डाळ-तांदूळ सारे बांधून नेले होते. मुले पॉइंट पाहून येत, तोवर मी वरणाला फोडणी देत असे. बुलढाण्याचा ओटा सोडून तिकडे रांधले, एवढेच! ही मजुरी ह्यांच्या वहीत कोठेच नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र दोनच दिवस काढले आणि लोणार व सिंदखेडराजा पाहिले. "जवळच तर आहे, त्यात काय पाहायचे?" असे मुलगी कुरकुरली. पण जवळ असते म्हणूनच राहून जाते. सासूबाईंनी पंढरीच्या वाऱ्या केल्या. पण वयाची शहात्तर वर्षे झाली तरी आपल्याच जिल्ह्यातले लोणार पाहिले नव्हते.

एस.टी.त मोठी मौज झाली. १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना निम्मे भाडे; मुलगा अकरा वर्षांचा, त्याचे अर्धे; सासूबाईंची पंच्याहत्तरी उलटलेली, त्यांना काहीच नाही. घरात पूर्ण तिकीट एकट्या ह्यांचे!

सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या सरोवराच्या काठावरच बसल्या. आकाशातून उल्का पडून काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा झाला, पाणी खारे आहे, २०२० साली ते गुलाबी झाले होते, असे नातू सांगू लागला. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, "आणि लवणासुराचे काय रे?" मग दैत्यसूदनाच्या देवळात त्यांनी विष्णूने त्या दैत्याला कसे मारले ते सांगितले. आजी-नातू इतका वेळ एकमेकांशी बोलत असलेले मी घरी कधी पाहिले नव्हते. घरी तो अभ्यासात नाहीतर मोबाईलमध्ये, आणि त्या माळेत.

दुसऱ्या दिवशी लखुजीराजे जाधवांचा वाडा पाहिला. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊ जन्मल्या ती जागा पाहताना कुरकुरणारी मुलगीही गप्प झाली. परतताना ह्यांच्या चहापायी गाडी चुकली व दोन तास ताटकळलो, तेही सांगितले पाहिजे. त्यावरून थोडे वाजलेही.

ह्या खेपेस पहिल्या दुपारपुरत्या दशम्या आणि ठेचा नेला, पुढे खाणावळ. खोली, जेवण, भाडे मिळून चार हजार दोनशे रुपये लागले. ते मी वर्षभर डब्यात टाकीत होते. वाण्याची उधारी असताना सहलीला जाऊ नये, हे माझे मत आजही पक्के आहे. पण उधारी नसेल, तर "तेवढ्यात कुकर आला असता" असे म्हणणाऱ्यास मी इतकेच विचारीन की त्या कुकरशी दिवसभर उभे कोण राहणार?

परवा सासूबाई हळूच विचारीत होत्या, "अजिंठ्याला एस.टी. जाते का गं?" मी अजून ह्यांच्या कानावर घातलेले नाही. इथे बोलले म्हणजे घरी पोचेलच.